हरणाऱ्याला सबब उरू नये: दोन सीटचं रेसिंग कॅबिनेट घरी बांधताना

कॅबिनेट, म्हणजे सीट, स्टीअरिंग आणि स्क्रीन असलेलं व्हिडिओ गेमचं मोठं खोकं, बांधायला घेतलं तेव्हा मी वहीत पहिली ओळ लिहिली ती मापाची नव्हती. ती अशी होती: हरणाऱ्याला सबब उरता कामा नये. शेजारच्या सीटवर माझा भाचा बसणार होता. हरल्यावर त्याला "मावशी, तुझं स्टीअरिंग हलकं आहे" असं म्हणायची सोय राहू नये, आणि मी हरले तर मलाही ती नसावी. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका अटीतून निघाले. सीट कुठली, स्क्रीन कुठला, कॉम्प्युटर एक की दोन, गिअर डावीकडे की उजवीकडे, अशा प्रत्येक प्रश्नाला मी तीच ओळ लावून पाहिली.

शेजारी बसून शर्यत लावायची गंमत आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या दुकानांत, जुनी आहे. नामको या जपानी कंपनीच्या १९८७ सालच्या फायनल लॅप या गेममध्ये दोन सीटची चार कॅबिनेटं जोडून आठ जण एकाच वेळी धावू शकत. पुढे १९९४ च्या सुमारास सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीच्या डेटोना यूएसए या गेमने हा प्रकार घराघरातल्या पोरांच्या तोंडी नेला. तिथेही जोडकॅबिनेट होतं, गिअरचा दांडा होता, कॅमेरा बदलायची चार रंगांची बटणं होती, आणि मुख्य म्हणजे ज्याला मागे टाकलं त्याचा चेहरा मान वळवली की दिसायचा. ऑनलाइन खेळताना हे मिळत नाही. म्हणून ही मेहनत करावीशी वाटते.

आधी दार मोजा

२७ इंची स्क्रीन घेतला तर एका बाजूची रुंदी बाहेरून ६८ सेंटीमीटर होते आणि दोन्ही मिळून १३६. एवढं धूड एकसंध बांधलं तर ते ज्या खोलीत बांधलं त्याच खोलीत कायमचं राहतं. म्हणून सुरुवातीलाच चार सुटे भाग ठरवा: स्क्रीनचे दोन मनोरे आणि सीटच्या दोन गाड्या. मनोरा म्हणजे १८० सेंटीमीटर उंच, ६० खोल, ६८ रुंद असं उभं खोकं. गाडी म्हणजे लोखंडी सांगाडा, ज्यावर सीट, पेडल आणि स्टीअरिंग बसतं. चारही भाग ७५ सेंटीमीटरच्या दारातून निघतात आणि आत गेल्यावर मनोरे बोल्टने जोडता येतात. तुमचं दार याहून अरुंद असेल तर मापं त्याप्रमाणे खाली आणा. जिन्याचं वळणही मोजा, कारण १८० सेंटीमीटरचं खोकं वळवायला जागा लागते.

स्क्रीन ३२ इंची घ्यायचा मोह होतो. त्याची रुंदी साधारण ७२ सेंटीमीटर असते, म्हणजे मनोरा ७८–८० वर जातो आणि दारात अडतो. शिवाय जुने आर्केड गेम ४:३ प्रमाणात चालतात, त्यामुळे रुंद स्क्रीनच्या दोन्ही कडा काळ्याच राहतात. २७ इंची स्क्रीनवर ४:३ चं चित्र साधारण ४५ सेंटीमीटर रुंद येतं, म्हणजे जुन्या हिशेबात २२ इंची. ८० सेंटीमीटरवरून ते पुरतं. फक्त नवे गेम खेळायचे असतील आणि दार मोठं असेल तर ३२ घ्या, माझी हरकत नाही.

माणूस आधी, खोकं नंतर

आराखडा काढण्यापूर्वी सीट जमिनीवर ठेवा, पुढे पुठ्ठ्याचं खोकं मांडा आणि बसून पाहा. कागदावरचं माप पाठीला कळत नाही. मी ज्या मापांवर थांबले ती अशी: सीटच्या पुढच्या कडेची उंची जमिनीपासून ३२ सेंटीमीटर, स्टीअरिंगचा मध्य ६८, स्क्रीनचा मध्य ९९. स्टीअरिंगचं चाक उभ्या रेषेपासून साधारण २० अंश पुढे झुकलेलं. डोळ्यांपासून स्क्रीन ८० ते ८५ सेंटीमीटर. या मापांत चाकाच्या वरच्या कडेवरून पाहिलं तरी स्क्रीनचा खालचा भाग झाकला जात नाही, आणि स्पीडोमीटर बहुतेक वेळा तिथेच असतो.

हात तपासायची एक खात्रीची रीत आहे. खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात लांब करा. मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकलं तर अंतर बरोबर. तिथे बोटंच पोचत असतील तर सीट मागे गेली आहे. पाय तपासताना ब्रेक पूर्ण दाबा. गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, ताठ होता कामा नये.

आता खरी अडचण. माझी आणि भाच्याची उंची यांत मोठं अंतर आहे आणि तो दर काही महिन्यांनी उंच होतो आहे. काही जण पेडल सरकवायची सोय करतात. मला ती पटत नाही, कारण सरकणारं पेडल जोरात ब्रेक मारल्यावर कुरकुरतं आणि पुढे सैल होतं. पेडल पक्कं ठेवा, सीट रुळावर सरकू द्या. खऱ्या मोटारीच्या पुढच्या सीटला रूळ आलेलेच असतात आणि साधारण २० सेंटीमीटर सरकतात. लहान मुलासाठी पाठीमागे घट्ट फोमची जाड गादी लावा, पण तिला पट्टा हवा. सुटी गादी वळणावर सरकते.

सीट जुन्या मोटारीची घेतलीत तर दोन गोष्टी पाहा. एक, सीटच्या कुशीत साइड एअरबॅग आहे का. पाठीच्या बाजूला तसा शिक्का किंवा चिठ्ठी असते, खाली पिवळा कनेक्टर असतो. असली सीट घेऊच नका. एअरबॅगमध्ये स्फोटक भरलेलं असतं आणि ती उघडणं किंवा तिच्या तारांशी खेळणं धोक्याचं आहे. दोन, एकाच मॉडेलची डावी आणि उजवी अशी जोडी घ्या. मोटारीत दोन्ही सीट एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, पाठ मागे टाकायचा खटका दाराच्या बाजूला येतो. आपल्या कॅबिनेटमध्येही तो बाहेरच्या बाजूला येतो आणि मधल्या चिंचोळ्या फटीत हात घालावा लागत नाही.

सांगाडा लोखंडाचा, अंगरखा लाकडाचा

बरेच जण सगळं प्लायमध्येच उभं करतात. चालतंही. पण ब्रेकवर मोठा माणूस पाय रोवतो तेव्हा पूर्ण ताकद पेडल पुढे ढकलण्यात आणि सीट मागे ढकलण्यात जाते. ती प्लायच्या सांध्यांतून गेली की काही दिवसांत करकर ऐकू येते. म्हणून पेडल, स्टीअरिंगचा खांब आणि सीटचे रूळ या तिन्ही गोष्टी एकाच लोखंडी गाडीवर घ्या. ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप, २ मिलिमीटर जाडीचा, पुरेसा होतो. गाडी साधारण १४० सेंटीमीटर लांब आणि ५० रुंद. दोन लांब पाइप, तीन आडवे, पुढे पेडलची तिरकी पाटी आणि मध्ये स्टीअरिंगचा खांब. खांब दोन्ही मांड्यांच्या मधून येऊ देऊ नका. तो पेडलच्या पुढून वर आणून मागे वळवा, नाहीतर डाव्या पायाने ब्रेक मारणाऱ्याची पोटरी त्यावर आपटते.

वेल्डिंग येत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे मापाचं चित्र द्या, पण दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच पाटावर, एकीवर दुसरी ठेवून करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो. आधी चारही कोपऱ्यांवर टाके मारा, कर्ण मोजा, दोन्ही कर्ण सारखे आले की मगच पूर्ण शिवण. वेल्डिंग टाळायचंच असेल तर ४० बाय ४० चे ॲल्युमिनियमचे खाचवाले प्रोफाइल बोल्टने जोडता येतात. ते महाग पडतात, पण नंतर माप बदलायची मोकळीक राहते.

दोन गाड्या एकमेकींना घट्ट जोडू नका. शेजाऱ्याने ब्रेक मारला की आपली सीट हलते, आणि मग तक्रार खरी ठरते. वरचे मनोरे बोल्टने जोडा, खालच्या गाड्या सुट्या ठेवा, मध्ये १० मिलिमीटर जाडीची रबराची पट्टी लावा. गाडी आणि मनोरा यांच्यामध्येही रबर हवं. प्रत्येक गाडीखाली उंची कमी-जास्त करता येणारे चार पाय लावा, आणि पाणसळ ठेवून दोन्ही सीट एका पातळीत आणा.

प्लायचं काम

१८ मिलिमीटर प्लाय घ्या. एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाटीचा) पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि रंग सुरेख बसतो, पण कडेत मारलेला स्क्रू त्याला धरवत नाही आणि पाणी लागलं की तो फुगतो. शिवाय वजन. २४४० बाय १२२० च्या १८ मिलिमीटर प्लायची शीट साधारण ३५ किलोच्या आसपास असते, एमडीएफची ४० च्या. मनोऱ्याची खोली मी ६० ठेवायला सांगितली त्यामागे हेच गणित आहे: १२२ सेंटीमीटर रुंदीत ६० च्या दोन बाजू करवतीची रेघ धरून बसतात, आणि १८० उंची कापल्यावर खाली ६४ बाय १२२ चा तुकडा उरतो. त्यातून डॅशबोर्ड, स्पीकरची पाटी आणि आतल्या फळ्या निघतात. ६३ केली असती तर एका शीटमध्ये एकच बाजू निघाली असती. मागच्या झाकणाला ६ मिलिमीटर प्लाय पुरतो.

चार बाजू चार वेळा आखू नका. एकच बाजू नीट आखा, जिगसॉने कापा, कडा पॉलिश पेपरने घासून आपल्याला हवा तसा बाक आणा. ती तुमचा फर्मा. बाकीच्या तीन बाजू त्याहून तीन-चार मिलिमीटर मोठ्या कापा, फर्मा वर ठेवून क्लॅम्पने आवळा आणि बेअरिंगवाल्या ट्रिम बिटने राउटर (लाकडाची कड कापायचं यंत्र) फिरवा. बेअरिंग फर्म्यावर फिरतं, बिट खालची कड कापतं, चारही बाजू हुबेहूब निघतात. राउटर डावीकडून उजवीकडे फिरवा, घाई करू नका, आणि बाकाच्या टोकाशी प्लायचा थर उचकटतो आहे असं वाटलं तर दोन हलक्या फेऱ्यांत घ्या. चष्मा आणि मास्क हवाच. राउटरची धूळ फार बारीक असते.

कडेला प्लास्टिकची टी-मोल्डिंग (कड झाकणारी टी आकाराची पट्टी) लावणार असाल तर तिच्यासाठीची खाच जोडणीच्या आधी मारा. एकदा खोकं उभं राहिलं की आतल्या कोपऱ्यात राउटर पोचत नाही. खाचेचं कटर आधी त्याच प्लायच्या टाकाऊ तुकड्यावर चालवून पाहा. मोल्डिंग हाताने अर्धी जाऊन रबरी हातोडीने पूर्ण बसली की जाडी बरोबर.

जोडणीला आतून ३० मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या, गोंद आणि स्क्रू. बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. मधल्या दोन बाजू एकमेकींना टेकतात तिथे ८ मिलिमीटरचे चार बोल्ट आणि टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) लावा, दोन वर, दोन खाली. भोकं पाडताना दोन्ही पाट्या एकत्र आवळून एकाच वेळी ड्रिल मारा. प्रत्येक टप्प्यावर गुण्या लावून काटकोन बघा. मनोरा एक-दोन मिलिमीटर तिरका झाला तर एकट्या खोक्यात कळत नाही, पण दोन शेजारी ठेवले की वरची फट लगेच डोळ्यात भरते.

मागचं झाकण पियानो बिजागरीवर लावा, स्क्रूने बंद करू नका. आत हात घालायची वेळ वारंवार येते.

स्टीअरिंग, पेडल, गिअर

दोन्ही बाजूंना एकाच मॉडेलचं स्टीअरिंग हवं. एक जुनं घरात आहे म्हणून दुसरं वेगळं घेतलं तर समानतेची अट तिथेच मोडली. लॉजिटेकचं जी२९ या कामाला चांगलं: दातेरी चक्रांवर चालतं, जोर साधारण २ न्यूटन-मीटर, आणि तळाला बोल्टसाठी दोन आटे आहेत. बोल्टची लांबी मोजून घ्या. लांब बोल्ट आत घुसला तर खोकं फुटतं. थ्रस्टमास्टरचं टी३०० पट्ट्यावर चालतं, त्यामुळे फिरणं जास्त मऊ लागतं आणि जोरही जास्त. त्याच्या खांबाला एक जादा तिरकी काठी द्या.

घरची स्टीअरिंगं ९०० अंश किंवा जास्त फिरतात. आर्केडची साधारण २७०. म्हणून स्टीअरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरण्याची मर्यादा २७० अंशांवर आणा, नाहीतर वळणावर हातावर हात घ्यावा लागतो आणि गेमची लयच जाते. फोर्स फीडबॅकचा, म्हणजे मोटर चाकातून हाताला जो उलटा जोर देते त्याचा, आकडा दोन्हीकडे सारखा ठेवा आणि तो मध्यमच ठेवा. लहान मुलाच्या मनगटाला पूर्ण जोर जड जातो, आणि एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त असं केलं तर पुन्हा तेच भांडण.

जी२९ च्या ब्रेकमध्ये रबराचा ठोकळा असतो, शेवटचा भाग दाबायला ताकद लागते. भाच्याच्या पायाला ती नव्हती, त्याची गाडी वळणावर थांबतच नसे. तोडगा कॅलिब्रेशनमध्ये आहे: पेडल ६५ टक्के दाबलं की गेमने ते पूर्ण ब्रेक समजावं असं दोन्ही बाजूंना लावा. त्याच्यासाठी सोपं झालं आणि माझ्यासाठीही तेवढंच सोपं झालं.

ज्यांना हाताने घडवायची हौस आहे त्यांच्यासाठी दुसरी वाट: आर्केडचं जुनं सुटं स्टीअरिंग, ज्यात चाक किती फिरलं ते सांगणारं ५ किलोओहमचं पोटेन्शिओमीटर असतं, किंवा मोटर, एन्कोडर (फिरणं मोजणारा भाग) आणि अर्डुइनो लिओनार्डो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) घेऊन स्वतःचं फोर्स फीडबॅक. एका फेऱ्यात ६०० पल्स देणारा एन्कोडर चौपटीने मोजला तर एका फेऱ्यात २४०० पायऱ्या मिळतात, म्हणजे २७० अंशांत १८००. अचूकतेला हे भरपूर. पण मोटरचा ड्रायव्हर, पुली आणि पट्ट्याचा ताण दोन्ही बाजूंना हुबेहूब जुळवणं वेळखाऊ काम आहे. पहिल्या कॅबिनेटला तयार स्टीअरिंग घ्या असा माझा सल्ला.

गिअरचा दांडा मात्र घरी करण्यासारखा आहे. ३ मिलिमीटर पत्र्यात इंग्रजी एच आकाराची खाच, चार टोकांना चार मायक्रोस्विच, खाली स्प्रिंग. स्विच दांड्याने थेट दाबला जाऊ देऊ नका. दांडा पत्र्याच्या टोकाला आधी टेकला पाहिजे, स्विच फक्त स्पर्शाने चालला पाहिजे. नाहीतर तो लवकर तुटतो. दोन्ही दांडे चालकाच्या एकाच हाताला ठेवा. आरशासारखं एकाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे दिलं तर दिसायला छान दिसतं, पण एकाला सवयीचा हात मिळतो आणि दुसऱ्याला नाही. स्टार्ट आणि कॅमेऱ्याची बटणं ३० मिलिमीटर भोकाची घ्या. दांडा आणि बटणं एका छोट्या यूएसबी एन्कोडर बोर्डावर जोडता येतात; कुठलं बटण दाबलं ते हा बोर्ड कॉम्प्युटरला कळवतो.

कॉम्प्युटर दोन

एका दमदार कॉम्प्युटरवर दोन्ही सीट चालवता येतील का, हा प्रश्न हमखास येतो. गेममध्ये स्क्रीन दुभागायची सोय असेल तर येतात. पण एकाच कॉम्प्युटरवर गेमच्या दोन प्रती उघडल्या की अनेक गेमचं फोर्स फीडबॅक फक्त समोरच्या, चालू खिडकीला मिळतं. दुसऱ्याचं चाक मेल्यासारखं होतं. शिवाय एकाच मॉडेलची दोन स्टीअरिंगं कॉम्प्युटरला सारखीच ओळख सांगतात, आणि पुन्हा चालू केल्यावर डावं-उजवं अदलाबदल होऊ शकतं. दोन मध्यम कॉम्प्युटर घ्या, एकसारखे. जुन्या गेमना महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

दोघांना एका लॅन केबलने थेट जोडा. आताच्या पोर्टना उलट्या तारांची खास केबल लागत नाही. आयपी पत्ते हाताने द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.१ आणि १९२.१६८.१०.२, मास्क २५५.२५५.२५५.०. फायरवॉलमध्ये त्या गेमला परवानगी द्या; जोडणी होत नाही म्हणून लोक डोकं आपटतात तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं. सेगाचे जुने गेम मॉडेल २ आणि मॉडेल ३ या आर्केड बोर्डांवर चालत; ते कॉम्प्युटरवर चालवायला एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लागतो. मॉडेल २ साठी मॉडेल २ एम्युलेटर आणि मॉडेल ३ साठी सुपरमॉडेल वापरले जातात. गेमची प्रत ज्यावर तुमचा हक्क आहे तीच वापरा. मग गेमच्या टेस्ट मेनूत जाऊन एका बाजूला मास्टर आणि दुसऱ्या बाजूला स्लेव्ह करा, गाडीचा क्रमांक वेगवेगळा द्या. दोन्हीकडे मास्टर राहिलं तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. मागे पडलेल्या गाडीला गुपचूप वेग देणारी मदत अनेक गेममध्ये असते. ती बंद करायची सोय मेनूत दिसली तर बंद करा. मी हरले तर ते भाच्यामुळे हरावं, मशीनमुळे नाही.

स्क्रीन दोन्ही एकाच मॉडेलचे, आणि गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारी सेटिंग) चालू. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंदांत येतं. एक स्क्रीन दुसऱ्यापेक्षा दोन चित्रं उशिरा दाखवत असेल तर तीक्ष्ण वळणावर फरक पडतो. तपासायला सोपं आहे. एकाच कॉम्प्युटरचं चित्र दोन्ही स्क्रीनवर दाखवा, त्यावर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालवा, आणि फोनने सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने दोन्ही स्क्रीन एकत्र टिपा. मग एकेक चित्र थांबवून आकडे पाहा. दोन्हीकडे सारखे बदलत असतील तर झालं.

आवाज आणि थरथर

प्रत्येक सीटला आपले दोन स्पीकर, कानाच्या उंचीवर, डोक्याकडे वळवलेले. एकच मोठा स्पीकर मध्ये ठेवला तर आपलं इंजिन कुठलं आणि शेजाऱ्याचं कुठलं ते कळत नाही, आणि गिअर कानावर टाकणाऱ्याचा गोंधळ होतो. सीटखाली बेस शेकर (खालच्या सुरांवर थरथरणारं यंत्र) लावला तर खडबडीत रस्ता पाठीला कळतो. त्याला फक्त ८० हर्ट्झच्या खालचा आवाज द्या. माणसांचं बोलणं त्यात गेलं तर सीट विचित्र गुणगुणते. शेकर सीटच्या तळाला पक्का बोल्ट करा, आणि सीट व रूळ यांच्यामध्ये रबराचे वॉशर घाला, म्हणजे थरथर सीटमध्येच राहते आणि लोखंडातून शेजारी जात नाही.

वीज

या भागात हयगय नको. दोन कॉम्प्युटर, दोन स्क्रीन, दोन स्टीअरिंग, अँप्लिफायर आणि दिवे मिळून साधारण ७०० ते ८०० वॉट धरा. वीज आत येण्याची जागा एकच ठेवा: फ्यूज आणि स्विच असलेलं सॉकेट मागच्या झाकणाजवळ. आत चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड लाकडाला स्क्रूने पक्का. दोन्ही लोखंडी गाड्यांना अर्थिंगची तार जोडा. गाड्या रबरावर आहेत म्हणून प्रत्येकीला वेगळी हवी. रंग खरवडून उघड्या लोखंडावर दातेरी वॉशर लावून तार आवळा, रंगावर नाही. हे काम येत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये (चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती लावली की एका स्विचने दोन्ही जागे होतात. बंद करताना मात्र थेट वीज तोडू नका. मी डॅशबोर्डखाली एक छोटं बटण दिलंय, ते कॉम्प्युटरच्या पॉवर बटणाच्या तारांवरच समांतर जोडलेलं आहे. ते दाबून कॉम्प्युटर नीट बंद झाला की मग मुख्य स्विच. गरम हवेसाठी प्रत्येक मनोऱ्याच्या वर बाहेर फेकणारा १२० मिलिमीटरचा पंखा आणि खाली जाळी लावलेलं भोक पुरतं.

रंगरूप

यावर मी फार लिहीत नाही, ज्याची त्याची आवड. प्राइमर दोन हात, मध्ये पॉलिश पेपर, मग रंग. स्क्रीनभोवतीची चौकट मात्र काळी आणि चमक नसलेलीच ठेवा, नाहीतर वरचा दिवा त्यात दिसत राहतो. माथ्यावरच्या पाटीसाठी ३ मिलिमीटर दुधी ॲक्रिलिक आणि मागे १२ व्होल्टची एलईडी पट्टी. पट्टी ॲक्रिलिकपासून किमान ८–१० सेंटीमीटर मागे ठेवा, म्हणजे दिव्यांचे ठिपके उमटत नाहीत. दोन मनोऱ्यांवर एकच लांब पाटी घातली तर जोडकॅबिनेट एकसंध दिसतं; ती शेवटी, जागेवर नेल्यावर बसवा.

मुलं बसणार असतील तर रुळांच्या दोन्ही टोकांना झाकणं लावा, सरकत्या सीटखाली बोट सापडतं. पेडलच्या मागची पोकळीही जाळीने बंद करा.

सगळं उभं राहिलं की एक तपासणी करा. त्याच माणसाला दोन्ही सीटवर तोच ट्रॅक, तीच गाडी घेऊन अनेक फेऱ्या मारायला लावा आणि वेळ लिहून ठेवा. एका बाजूची वेळ सातत्याने जास्त येत असेल तर कारण शोधा: बहुतेक वेळा ते चाकाच्या मध्यबिंदूत किंवा ब्रेकच्या कॅलिब्रेशनमध्ये असतं. भाच्याने ही चाचणी स्वतः घेतली, दोन्हीकडचे आकडे स्वतः वहीत उतरवले, आणि त्यानंतर स्टीअरिंगबद्दल तो एकदाही बोलला नाही. आता तो म्हणतो, मावशी डाव्या सीटवर बसली की मला कोपर मारते. त्यावर उपाय म्हणून दर शर्यतीनंतर आम्ही सीट बदलतो.

पहिल्या महिन्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, विशेषतः स्टीअरिंगच्या खांबाचे आणि रुळांचे. तिथे नायलॉनवालेच नट वापरा, साधे नट थरथरीने सुटतात.